सुचवणारा प्रश्न

सोमवार, ३ जून

नवी नोकरी, नवं घर, नवी वही. सगळं एकाच दिवशी, म्हणजे माझ्या मानाने फारच झालं. नोकरीचं ऐकून ताई हसतच सुटली. म्हणाली, लोकांना झोपवायचा पगार मिळतो हे आधी कळलं असतं तर मीही हेच शिकले असते. मी म्हटलं, झोपवायचा नाही गं, उठवायचा मिळतो.

झोपेची प्रयोगशाळा आहे. रात्रपाळीची माणसं सकाळी नऊला येतात आणि चारपर्यंत झोपतात. खिडक्यांना जाड पडदे, डोक्याला वायरी, आणि शेजारच्या खोलीत माझ्यासमोर त्यांच्या मेंदूच्या रेघा. पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरायला लागली की समजायचं, स्वप्न चालू झालं. मग आत जाऊन खांद्याला हात लावायचा आणि एकच विचारायचं, काय दिसत होतं? उत्तर शब्द न् शब्द उतरवायचं. आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी दम भरला की सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. दार होतं का, असं विचारलं की अर्धवट जाग्या माणसाला दार दिसतंच, मुळात नसलं तरी.

घरही झकास मिळालंय. तिसरा मजला, दोन खोल्या. चिमणीने, म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या लेकीने, आल्याआल्या आतली खोली बळकावली. ती एकला शाळेतून येते आणि मी येईपर्यंत एकटी असते. समोरच्या काकू लक्ष ठेवीन म्हणाल्या. बाई फार बोलते, पण जीव लावणारी आहे.

गुरुवार, ६ जून

आज बेकरीच्या भट्टीवर काम करणारा एक दांडगा गडी झोपला होता. त्याला स्वप्नात जिना दिसला. हिरवा कठडा, मधली एक पायरी फुटकी. कुणालातरी न्यायला निघालो होतो म्हणाला. कुणाला, ते माहीत नाही.

आमच्या जिन्यालाही हिरवा कठडा आहे. फुटक्या पायरीचं आठवेना, म्हणून घरी येताना मुद्दाम पाहिलं. आहे. पण फुटक्या पायऱ्या काय गावभर असतात. चिमणीला सांगितलं तर म्हणाली, आई, त्या काकांना सांग, येताना पाव घेऊन या. दोघी खूप हसलो.

सोमवार, १० जून

आज एक वॉचमन आला. त्याची आणि भट्टीवाल्याची गाठ पडलेली नाही, मी रजिस्टर पाहिलं. पण त्याचं स्वप्न जिन्यातच सुरू झालं, फुटक्या पायरीच्या वर, मी उठवलं तेव्हा भट्टीवाला स्वप्नात जिथवर पोचला होता. तो वर चढला आणि एका दारासमोर थांबला. त्यालाही कुणालातरी न्यायचं होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, दार निळं होतं का?

तो हो म्हणाला. तुम्ही विचारलंत म्हणून नाही, निळंच होतं.

आमचं दार निळं आहे. माझा प्रश्न मी रजिस्टरमध्ये लिहिला नाही, नुसतं त्याचं उत्तर लिहिलं. झोप उडाली आहे.

मंगळवार, ११ जून

आज एक नर्स होती. निळ्या दाराला हात लावून उभी होते म्हणाली. मला राहवलं नाही. विचारायचं नाही हे कळत होतं, तरी विचारलं, कडी वरची की खालची? वरची, म्हणाली, पण सैल आहे, जोरात धक्का दिला की निसटते.

आमच्या दाराची कडी तशीच आहे. ती दुरुस्त करायची राहून गेली हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दीड वाजता ती पुन्हा स्वप्नात गेली. उठवलं तेव्हा घरात शिरली होती.

लगेच काकूंना फोन केला. चिमणी बरी होती, गणितं करत होती. पण दार सताड उघडं होतं म्हणाल्या. पोर विसराळू आहे हो तुमची.

चिमणी शपथेवर सांगते, तिने कडी लावली होती.

बुधवार, १२ जून

मोठ्या बाईंना सगळं कबूल केलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, जिना हा योगायोग, बाकीचं तू त्यांच्या तोंडी घातलंस. मग किती दिवस झोपली नाहीस ते विचारलं. दोन रात्री, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, इतक्या जागरणानंतर माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो. आधी काही सेकंद, मग मिनिटं. चालतो, बोलतो, आणि त्याला पत्ताच नसतो. रजा देऊन टाकली.

निघण्याआधी भट्टीवाल्याला उठवलं. एक अक्षर विचारलं नाही. तोच रडत सांगायला लागला. आतल्या खोलीत होतो, एक लहान पोरगी झोपली होती, मी तिच्या उशाशी वाकलो होतो. मला नाही न्यायचं हो तिला, पण हात आपोआप पुढे जातात.

म्हणजे ते आता उशाशी थांबलंय. पुढचा जो झोपेल, तो तिथून पुढे जाणार.

गुरुवार, १३ जून

प्रयोगशाळेतून कळलं, यंत्र बिघडलंय, आज तिथे कुणी झोपणार नाही. हायसं वाटलं. मग लक्षात आलं, झोपणारी मीही आहेच की.

ताईला फोन केला. उद्या संध्याकाळी येऊन चिमणीला घेऊन जाईल. तोवर झोपायचं नाही. गार पाणी. चहा. उभं राहायचं. फार भीती वाटते आहे.

शुक्रवार, १४ जून

दुपारचे सव्वाबारा. चिमणीला शाळेत पाठवलं नाही. ती आत झोपली आहे. मी तिच्या दाराबाहेर, खुर्चीत.

पाऊण. जागी आहे.

एक दहा. चिमणी रडत बाहेर आली. म्हणते मी तिच्या उशाशी उभी होते, हात पुढे करून, हाका मारल्या तरी ओ दिली नाही. मी खुर्चीतून उठलेच नव्हते. मी तर —

एक वीस. तिला काकूंकडे पाठवलं. सांगितलं, त्यांच्या आतल्या खोलीत बस, कडी लाव, मी बोलावलं तरी उघडायचं नाही. माझा आवाज आला तरी. आमच्या दाराला बाहेरून कुलूप घालायला लावलं. किल्ली काकूंकडे. पोर काही न विचारता गेली. आता झोप लागली तरी चालेल.

दोन? काकूंच्या घरात आहे. त्या म्हणतात मीच आतून दार ठोठावलं, चक्कर येते, उघडा म्हणाले. गोड बोलले म्हणे. मला आठवत नाही —

काकू माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या.

समोर बंद दार. चिमणी आत. मी लिहिते आहे, म्हणजे जागी आहे. हात माझा आहे. पण ओठ हलताहेत — लाडाने हाका मारताहेत — ताईमावशी आली बघ, म्हणताहेत —

चिमणे, ती मी नाही — उघडू नकोस — ओरडता येत नाही, फक्त लिहिता —

आतून कडी