चौबे कॉलोनीचे पोहे आणि माझं स्पष्ट मत

१८ नोव्हेंबर २००१, रविवार
निधीसाठी स्थळ आलं. आज चौबे कॉलोनीत त्यांचं घर पाहून आलो. पोहे : तर्री नाही, साखर मात्र बोरीभर. पाचपैकी दीड. सोफा : बसलं की गुडघे कानाला. मुलगा पराग : गप्प. मत राखून ठेवलं. त्याच्या आईनं, विनोदिनीताईंनी, कोणीही न म्हणता भावगीत म्हटलं. मी प्रांजळपणे सांगितलं, आवाज मोठा आहे, सूर शोधावा लागतो. मीरानं चिमटा काढला. बायकोला दर्जाचं काय! आपलं गाव आता नव्या राज्याची राजधानी झालं. कोणीतरी खरं बोलायला नको?

घरी येताना मीरा म्हणाली, "तुमाले काहून मधात बोला लागते?" निधी म्हणाली, "पापा, आप बस खा लेते ना." पोट्टी हिंदीत रडते. छाप पडली आहे, हे दोघींना समजून नाही राहिलं.

२५ नोव्हेंबर
त्यांचा फोन नाही. माझ्या सूचनांवर विचार सुरू असणार.

२ डिसेंबर
फोन नाही. मीरा बोलत नाही. भाजीत मीठ नव्हतं. सांगितलं.

३ डिसेंबर
आज भाजीच नव्हती.

५ डिसेंबर
संकल्प : गैरसमज दूर करणे. ऑफिसातून थेट चौबे कॉलोनी. विनोदिनीताईंना समजावलं, की दीड मार्क पोह्यांना होते, माणसांना नाही. त्यांना दीडचं काही माहीतच नव्हतं. मग सगळं सांगावं लागलं. चहात आलं जास्त. बोललो नाही. म्हणजे निघताना बोललो. मुलाचे वडील फाटकापर्यंत आले आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथंच उभे होते. याला आदर म्हणतात.

९ डिसेंबर
जमलं! निधी आणि पराग म्हणे बूढ़ा तालाबवर भेटत होते. त्यांचं आपसात ठरलं, मग घरच्यांचं. निधी म्हणाली, "पापा, मैंने उन लोगों को समझा दिया है." काय समजावलं, विचारलं. ती आईकडे पाहायला लागली. माझ्या निकषांबद्दलच असणार.

२० जानेवारी २००२
लग्नाची सूत्रं हाती घेतली. केटरर बदलायचा. वरातीत धुमाल नाही. गाडीवर ढोल लादून कान फोडणे हे संगीत नव्हे. सनई हवी. मीराचा भाऊ बंडू नागपूरहून आला आहे. सगळं ऐकून "हव भाऊजी" म्हणाला. समजदार माणूस.

२१ जानेवारी
केटरर बंडूनं आधीच पक्का केला होता. धुमालही.

१७ फेब्रुवारी
लग्न झालं. बंडूला दिवसभर माझ्याजवळ बसवलं होतं. मी तोंड उघडलं की तो जिलबी घालायचा. मान आहे, म्हणून खात गेलो. विनोदिनीताईंनी मंगलाष्टकं म्हटली. सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. बंडूनं लाडू हातात तयार ठेवला होता. लागला नाही. मी निधीकडे पाहत होतो.

निघताना ती गळ्यात पडली. रडत चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मले भेटाले येत जा. फक्त काही बोलू नका."

येईन म्हणालो. गाडी गेली. धुमालवालेही गेले.

बंडूनं विचारलं, भाऊजी, जेवण कसं होतं? काय जेवलो तेच आठवेना.

"छान होतं," म्हणालो.

मीरानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.