डावीकडचे चोवीस मिलिमीटर

दि. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं मापांचं पाकीट काल मिळालं. आधी शाबासकी घे, मग भांडतो. बाबा दुपारी झोपलेले असताना गाडीखाली रांगून तू साठ मापं घेतलीस, हे माझ्या लॅबमधल्या पगारी माणसांनाही जमलं नसतं. बाबांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या लाडक्या गाडीचं, आपल्या बाईसाहेबांचं, बाराव्या हिस्स्याचं मॉडेल करून त्यांच्यापुढे ठेवायचं हा आपला कट तुझ्यामुळेच तडीला जातोय. आणि पत्रंच बरी बाई. फोन बाहेरच्या खोलीत आणि बाबा फोनशेजारी, तिथे कसलं गुपित राहणार!

दिवसभर लोकांच्या कवळ्या करतो आणि संध्याकाळी त्याच अवजारांनी बाईसाहेब. बंपर दातांच्या तारेचा वाकवलाय. स्टिअरिंग कवळीच्या गुलाबी मसाल्याचं झालं होतं, ते काळं रंगवलं, नाहीतर बाबांना वाटलं असतं की पोरगा हिरड्या धरून गाडी चालवायला सांगतोय.

आता भांडण. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत तू उजवीकडे २५४० मिलिमीटर लिहिलंस आणि डावीकडे २५१६. चोवीस मिलिमीटरचा फरक! अगं, गाडी आहे की खेकडा? मी डोळे मिटून तसंच केलं आणि सांगाडा टेबलावर सोडला, तर तो डावीकडे वळून थेट माझ्या चहाच्या कपावर आदळला. तुझी टेप कुठेतरी लोंबली असणार. पुन्हा मोज. मागच्या सीटखालच्या बोल्टांची मापंही राहिलीत, तीही घे.

पाय ठीक आहे. गार हवेत कुरकुरतो, पण भिंतीवर चढायची हौस चौथ्या वर्षीच फिटल्यामुळे नवीन मोडतोड नाही.

लोभ राहू दे, टेप मात्र ताणून धर.

तुझा,
बबड्या

---

दि. ११ जून

चि. बबड्यास,
अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं मी लोकांच्या कमरा मोजतेय. बायका पोट आत घेऊन, श्वास कोंडून उभ्या राहतात, तरी माझं माप चुकत नाही. आणि जागची न हलणारी गाडी मला मोजता येईना म्हणतोस? तोंड बघ आरशात! तुझ्या पत्राचा राग येऊन मी तीन दिवस तीनदा मोजलं. चाकाच्या मध्यावर दोऱ्याला नट बांधून सोडला, जमिनीवर खडूने खूण केली, मग खुणेपासून खुणेपर्यंत टेप. चोवीस मिलिमीटर म्हणजे चोवीसच. शिवाय आठवून बघ, बाबा सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरतात आणि विचारलं की म्हणतात, हा बाईसाहेबांचा स्वभाव आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बोल्टांसाठी मागची सीट उचलली आणि मी बघतच राहिले. खाली पत्र्यावर या दारापासून त्या दारापर्यंत बोटाएवढी जाड वेल्डिंगची रेघ आहे. रेघेच्या पुढे आपला साय रंग. मागे साय रंगाचे पोपडे उडालेत आणि त्याखालून हिरवा रंग दिसतोय. हिरवा! बबड्या, मला गाड्यांतलं कळत नाही, पण दोन कापडं जोडल्याची शिवण मला झोपेतही ओळखू येते.

तेवढ्यात बाबा उठून आले. मी कानातलं पडल्याची थाप मारली. मला वाटलं आता वैतागतील. पण त्यांचा चेहरा असा उतरला की मीच घाबरले. त्यांनी सीट स्वतः बसवली, वरून दाबली आणि पुन्हा कुणी हिला हात लावायचा नाही एवढंच म्हणाले. कानातलं कानातच होतं, तेही त्यांना दिसलं नाही.

आणि भिंतीवरून विनोद करणं बंद कर. त्या दिवशी शाळेत जाताना मागच्या दाराची कडी मी उघडी टाकली नसती, तर तू अंगणात गेला नसतास आणि भिंतीवरून पडलाही नसतास. तुला हसू येतं, मी अजून रात्री उठून कडी बघून येते.

काळजी घे. माप बरोबर होतं हे कबूल करून माफी माग, म्हणजे माया पूर्ववत सुरू होईल.

तुझी,
ताई

---

दि. १७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान धरले. माप बरोबर, तू बरोबर, मी गाढव. पण तुझं पत्र मी लॅबमध्येच वाचलं. एका बाईंची कवळी हातात होती, ती सुटून दोन दात उडाले.

ताई, ती एक गाडी नाही, दोन आहेत! मधोमध कापलेल्या दोन गाड्या जोडल्यात. पुढचं धड एकीचं, मागचं दुसरीचं. जोडताना मागचं धड डाव्या अंगाला चोवीस मिलिमीटर पुढे सरकलं. अपघातात चेपलेल्या गाड्यांचं असं करून भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात, हे मी ऐकलं होतं. पण आपल्या बाबांच्या? बाबा तर शपथेवर सांगतात की गाडी नवी कोरी घेतली आणि आजवर तिला ओरखडाही नाही. ब्रेकचं काम करावं तर त्यांनीच, असं सगळं गाव म्हणायचं. समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा ढिला नट त्यांना घरात बसून ऐकू येतो. आणि त्यांनाच कुणीतरी फसवलं! माझं डोकं भणभणलंय.

त्यांना यातलं काही कळता कामा नये. या वयात हे ऐकलं तर ते हाय खातील. मात्र मला त्या चोराचं नाव हवंय. बाबांच्या गॅरेजमधले रंगारीकाका अजून आहेत ना? सहज गेल्यासारखी जा आणि हिरव्या रंगाबद्दल विचार. तोवर मी डावी बाजू तशीच ठेवतो.

माया सुरू झाली असेल अशी आशा आहे. चिडली असलीस तरी चालेल, पण जाऊन ये.

तुझा,
बबड्या

---

दि. २९ जून

चि. बबड्यास,
आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. मी चार वेळा लिहून फाडलं.

रंगारीकाका मुलाच्या रंगाच्या दुकानात खुर्ची टाकून बसतात. डोळे गेलेत, पण मला आवाजावरून ओळखलं. हिरव्या रंगाचं विचारल्यावर हसले. म्हणाले, हिरव्यावर साय रंग बसेना म्हणून तीनदा हात मारावा लागला, ते काम कसं विसरेन. मी विचारलं, बाबांना असली गाडी विकली कुणी. तर म्हणाले, विकली कुणी नाही, तुझ्या बाबांनीच गॅरेजचं शटर पाडून महिनाभर खपून जोडली. आणि लगेच, अगदी मायेनं, त्यांनी विचारलं की तेव्हापासून पोराचा पाय कधी सरळ झाला का.

मी म्हटलं, गाडीचा आणि पायाचा काय संबंध. त्यांनी चाचपत माझा हात धरला आणि म्हणाले, म्हणजे तुम्हा पोरांना अजून सांगितलंच नाही?

बबड्या, तू भिंतीवरून पडला नाहीस. तू मागच्या सीटवर झोपला होतास. बाबा चढावर गाडी लावून एका गिऱ्हाइकाच्या इंजिनाचा आवाज ऐकायला उतरले, आणि हँडब्रेक ओढायला विसरले. ब्रेकवाले आपले बाबा! गाडी उतारावरून मागे गेली आणि खाली उभ्या ट्रकवर आदळली. डावी मागची बाजू पार आत गेली, त्यात तुझा पाय. पत्रा कापून तुला बाबांनीच बाहेर काढलं. ही गोष्ट फुटली असती तर ब्रेकच्या कामाला कुत्रंही फिरकलं नसतं, म्हणून भंगारवाल्याकडून एका हिरव्या गाडीचं मागचं धड आणलं आणि घरी भिंतीची गोष्ट सांगितली. आईला माहीत होतं. आपली आई, जिनं मरेपर्यंत एकदा तोंड उघडलं नाही!

घरी कशी आले आठवत नाही. मला एवढंच दिसत होतं की मी नऊ वर्षांची, दप्तर पाठीवर, आणि दारात उभी राहून आई सांगतेय की कडी तू उघडी ठेवलीस. कडी मी खरंच उघडी ठेवली होती रे. त्या उघड्या कडीवर त्यांनी सगळं टांगलं. आणि मी अडतीस वर्षं तुझ्या पायाला तेल चोळत राहिले.

बाबांशी मी काही बोललेले नाही. त्यांना जेवायला वाढते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

काय करू ते लिही.

ताई

---

दि. ४ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गाडीच्या मागच्या सीटखाली काय आहे ते मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नका. तुमच्या पंच्याहत्तरीसाठी मी बाईसाहेबांचं मॉडेल करत होतो. मापं घेता घेता माझाच पाय सापडला.

चार दिवस धड झोप नाही. बाबा, मला ती भिंत आठवते. वरून दिसणारं आपलं अंगण आठवतं, हात सुटल्याचं आठवतं, खाली येतानाचा वारा आठवतो. मी भिंतीवर चढलोच नाही, तर हे सगळं मला कुठून आठवतं? तुम्ही ते माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसवलंत की खरं कळूनही काल रात्री स्वप्नात मी भिंतीवरूनच पडलो. शाळेत मला भिंतवीर म्हणायचे. मी हसायचो, कारण खोडी माझी होती ना!

पायाबद्दल मी तुम्हाला काही विचारणार नाही. हँडब्रेक कुणीही विसरेल. पण ताईला सांगा. तुम्ही, तुमच्या तोंडाने, तिच्यासमोर बसून सांगा की तिच्या कडीचा यात काही संबंध नव्हता. तोवर मी घरी येणार नाही, पंच्याहत्तरीलाही नाही.

प्रकृतीस जपा.

आपला,
बबड्या

---

दि. १२ जुलै

चि. बबड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मला लिहिण्याची सवय नाही. पान्ह्याने जमले असते तर तसे केले असते.

पहिल्या दिवशी डॉक्टरांना भिंतीचे सांगितले ते घाबरून. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईला खरे सांगितले. ती म्हणाली, आता बदलू नका, गॅरेज बुडेल, पोराच्या औषधाचे काय. मी ऐकले, कारण मला तेच ऐकायचे होते. तुझ्या ताईने विचारले, दार कोणी उघडे ठेवले. तुझी आई म्हणाली, तू. मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. हँडब्रेक विसरलो ती चूक होती. हे मात्र मी जागेपणी केले.

गाडी जोडताना हात थरथरत होते. आयुष्यात माझे माप तेवढे एकदाच चुकले. नंतर लक्षात आले, पण ती पुन्हा कापायचा धीर झाला नाही. विकली असती तर घेणाऱ्याने सीट उचलली असती, म्हणून विकली नाही. लोकांना वाटते म्हातारा गाडीवर जीव टाकतो. मी तिच्यावर पहारा केला.

ताईला सांगायला या आठवड्यात तिच्या मशीनपाशी तीनदा गेलो. तिन्ही वेळा सदऱ्याचे बटण लावून घेऊन परत आलो. आता माझ्या एकाही सदऱ्याचे बटण तुटलेले नाही. माझ्याने होणार नाही, बाळा. तूच तिला सांग.

तुझा अपराधी,
बाबा

---

दि. १२ जुलै, त्याच पाकिटात

चि. बबड्यास,
आशीर्वाद.

वरचं पत्र बाबांनी मला पेटीत टाकायला दिलं, पाकीट न चिकटवता. विसरले की मुद्दाम, देव जाणे. मी रस्त्यातच उभी राहून वाचलं. माझ्यामुळे गाड्या थांबल्या, कुणीतरी भोंगा वाजवला, मी हलले नाही.

परत गेले तेव्हा ते व्हरांड्यात बसले होते. माझ्या हातात उघडं पत्र बघून उठायला लागले. मी म्हटलं, बसा! माझा एवढा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. शेजारच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, त्यालाच का, आता मलाही सांगा, तोंडानं सांगा. त्यांनी हात जोडले. मी म्हटलं, हात नकोत, शब्द हवेत. मग म्हणाले, कडीचा काही संबंध नव्हता, पोरी, तू काही केलं नव्हतंस. एवढंच. चार श्वासांत संपलं. अडतीस वर्षं अडलेली गोष्ट चार श्वासांची होती, याचाच मला सर्वांत जास्त धक्का बसला. मला वाटलं होतं मी रडेन. मी वेड्यासारखी हसत सुटले.

आता तुला एक सांगते, जे कधी सांगितलं नाही. मी तेवीस वर्षांची असताना रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं मला मागणी घातली होती. माणूस चांगला होता, मला आवडायचा. मी नाही म्हटलं. बाबांनी कारण विचारलं, तर मी म्हटलं, बबड्याचा पाय माझ्यामुळे गेला, त्याला टाकून कशी जाऊ. बाबा ऐकून घेऊन गॅरेजला निघून गेले. बबड्या, तेव्हा ते बोलू शकले असते. मी आज त्यांना हेच विचारलं. ते नुसते सदऱ्याची बटणं चाचपत राहिले.

मी निघाले. किती दिवसांसाठी ते ठरवलेलं नाही. शिवणकामाचे कपडे ज्याचे त्याला पोचते केले. बाबांना चहा कसा करायचा ते दाखवलं. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला आधण म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणजे कमाल झाली! शिकतील. मॉडेल पुरं कर किंवा करू नकोस, पण त्यांच्यासाठी म्हणून मला एकही माप मागू नकोस.

शुक्रवारी दुपारी चारच्या गाडीनं पोचते. स्टँडवर घ्यायला ये. पाय दुखत असला तरी ये. आजवर तुला कधी पिशवीसुद्धा उचलू दिली नाही मी. या वेळी माझ्याबरोबर शिवणयंत्र आहे आणि ते भयंकर जड आहे. ते तू उचलायचंस.

तुझी,
ताई