जेवणाच्या टेबलावरचा गिअरबॉक्स

प्रिय ठमे,

गाडी सुरू झाली की माझं सामान न्यायला या, असं तू फोनवर म्हणाली होतीस. किती सामान, कायमचं की थोड्या दिवसांसाठी, ते तू बोलली नाहीस आणि मीही खोदून विचारलं नाही. तेव्हापासून आपली जुनी व्हॅन हा घरातला एकमेव विषय आहे. तुझ्या मामाने गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही हे पाहिलं, आणि भंगारात काढा म्हणून मोकळा झाला. सामान आणायचंय तर टेम्पो सांगा, म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

माझा जन्म गेला बसच्या डेपोत, साध्या गिअरबॉक्सशी झटापट करण्यात. या व्हॅनचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, तसला कधी उघडला नव्हता. तो खाली उतरवायला शेवटी मामाच लागला. कण्हत कुथत का होईना, आला. आतलं तेल काळं झालं होतं आणि जळका वास मारत होतं. क्लचच्या प्लेटा करपलेल्या, रबरी सील हाताला कडक लागणारे. सगळे भाग जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर मांडले, जसे निघाले त्याच क्रमाने. तुझ्या आईला तिकडे फडकं मारायलाही बंदी. आम्ही दोघं स्वयंपाकघरात ताट मांडीवर घेऊन जेवतो. एक दिवस ती विचारते, कधी होईल हो गाडी. दुसऱ्या दिवशी म्हणते, एवढी घाई कशाला, सावकाश करा. मी दोन्ही वेळा हो म्हणतो.

काम तसं अवघड नाही, फक्त सवयीचं नाही. साध्या गाडीत गिअर आपण टाकतो. इथे ते काम तेलाच्या दाबावर चालतं. बारीक बारीक वाटांमधून तेल फिरतं आणि छोट्या झडपा सरकवतं. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजत घालाव्या लागतात. तुझ्या आईने त्या परातीत पाहिल्या आणि परात कायमची मला देऊन टाकली. सगळं जोडलं, गाडीखाली चढवलं, रस्त्यावर काढली. पहिला आला, दुसरा आला, तिसरा काही केल्या येईना. मामा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता, ते जास्त झोंबलं. परत खालचं झाकण काढून झडपा बाहेर घेतल्या, तर एकीत सुताचा धागा अडकलेला. माझ्याच खांद्यावरच्या फडक्याचा. डेपोत त्या फडक्याशिवाय मला कोणी पाहिलेलं नाही, आणि प्रत्येक भाग मी त्यानेच प्रेमाने पुसला होता. बसच्या गिअरबॉक्सला त्याने कधी काही झालं नाही. हा नाजूक निघाला. तुझी आई पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. सगळं पुन्हा धुतलं आणि या वेळी नुसत्या हवेने वाळवलं.

काल गाडी टेकडीवर नेऊन आणली. सगळे गिअर येतात, रिव्हर्सही. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुला फोन केला की जावईबापू स्पीकर लावायला सांगतात आणि तू हसत हसत बोलतेस. ते हसू तुझं नाही. ते ऐकून मी रात्रभर कुशी बदलतो. म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय. गाडी झाली म्हणून तुला निघायलाच हवं असं नाही. झाल्याचं अजून तुझ्या आईशिवाय कोणाला ठाऊक नाही, मामालाही नाही. तुला आणखी वेळ हवा असेल तर तिकडून कोणीही विचारो, गाडी अजून खोललेलीच आहे, हा म्हातारा ती कसली दुरुस्त करतोय, असं मी सांगेन. म्हणशील तितके दिवस सांगेन. आणि निघायचं ठरलंच, तर सामान बांधत बसू नकोस, कोणाला काही समजावूही नकोस. नुसता मिस्ड कॉल दे. मी तुझ्या दाराशी येईन, आणि इंजिन बंद करणार नाही.

तुझाच,
बाबा