पायरीवर बसलेल्या मुलाचं पुस्तक

प्रिय बाळा,

चाळिशी उलटली तरी बाळच म्हणते, म्हणून नाक मुरडू नकोस. माझे गुडघे बरे आहेत, गच्चीची गळतीही थांबली. परवा प्रकाशक पुन्हा येऊन गेले. बाबांचं पुस्तक त्यांना नव्याने काढायचंय आणि त्यासाठी आपल्या दोघांच्या सह्या हव्यात. मी नेहमीसारखंच सांगितलं, मुलगा नाही म्हणतो. चहा ढवळत ते म्हणाले, लेखक गेल्यावरही इतकी दशकं हक्क वारसांकडे ठेवणारा कायदाच चुकीचा आहे, तोवर पुस्तकाची आठवण असलेलं कुणी उरत नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

तुझा नकार मला कळतो. पोहायला घाबरून तलावाच्या पायरीवर बसून राहणारा पुस्तकातला मुलगा तूच, हे लपवायची तसदीही बाबांनी घेतली नाही. तुझा निळा टॉवेलसुद्धा जसाच्या तसा गोष्टीत घातला. त्यांना वाटलं, तू खूश होशील. शाळेत पोरं तुला 'पायरी' म्हणू लागली आणि पोहण्याच्या तासाला तुझं पोट दुखायला लागलं. तू ते पुस्तक का उघडत नाहीस, हे बाबांना शेवटपर्यंत उमगलं नाही. मला त्यांचा तेव्हा राग यायचा, आजही येतो. गोष्ट त्यांची झाली आणि लाज तुझ्या वाट्याला आली. म्हणून प्रकाशकांना म्हटलं, कायदा बदलेल तेव्हा बदलेल, माझा मुलगा नाही म्हणतो तोवर पुस्तकाला कुलूप राहू दे.

आता मुद्द्याचं. सुट्टीत माझ्याकडे आलेल्या तुझ्या लेकीला काल तलावावर नेलं. कपडे बदलून ती पायरीवर बसली ती उठेचना. घरी आल्यावर तिने जेवणही टाकलं. मग तुला न विचारता मी कपाटातली आपली प्रत काढली आणि तिला वाचून दाखवली. तू ती कधी उघडलीच नाहीस, म्हणून सांगते. बाबांनी त्या मुलाला पाण्यात ढकललेलं नाही. शेवटच्या पानावरच्या चित्रात त्याचे वडील टॉवेल गुंडाळून त्याच्या शेजारी येऊन बसतात आणि गोष्ट तिथेच संपते. ती बराच वेळ ते चित्र बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, हा मुलगा आता कुठे असतो?" मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार. सहीचं तुझं तू ठरव, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण रविवारी घरी आली की ती दारातच तुला हे विचारणार आहे. तेव्हा तू गडबडू नयेस, म्हणून आधी कळवलं.

तुझीच आणि तुझ्याच बाजूची,
आई