जुन्या यादीखाली सही

२ डिसेंबर

खोली मिळाली! तीही वर्ष निम्मं सरल्यावर, कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आणि खिडकीसकट. गेले तीन महिने आत्याच्या बैठकीच्या खोलीत घडीच्या खाटेवर काढले. आत्या प्रेमळ आहे, पण आतोबा पहाटे पाचला रेडिओ लावतात आणि वर विचारतात, झोप झाली का. सुटले एकदाची.

विद्यार्थिनींचं घर आहे. खाली स्वयंपाकघर, वर तीन खोल्या. शेजारी कायदा शिकणारी, तिला सगळ्या वकीलसाहेब म्हणतात. तिच्या पलीकडे इमारतींचे नकाशे काढायला शिकणारी लांबडी, ती प्रत्येक दारातून वाकूनच आत येते. घर सांभाळणाऱ्या मावशी कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरतात, त्यामुळे त्या येताहेत हे आधीच कळतं. माझ्या खोलीतली आधीची मुलगी मुदत संपायच्या चार महिने आधी निघून गेली. मंगळवारी दुपारी, कुणाला काही न सांगता, टेबलावर अर्धा कप चहा तसाच ठेवून. तिची उरलेली मुदत आता एकतीस मार्चपर्यंत मी पुरी करायची. तिने सोडली म्हणून माझी चंगळ झाली.

इथली एक गंमत लिहून ठेवते. खोलीत येणारीने सामानाची यादी स्वतःच्या हाताने करायची, आणि शेवटच्या ओळीत स्वतःचं वर्णन लिहायचं. मुदत संपली की मावशी सामान पडताळतात आणि मुलगीही पडताळतात. या घराने तिला किती बदललं ते बघून सगळ्या पोट धरून हसतात म्हणे. मावशींनी विचारलं, नवी यादी करतेस की जुन्याच यादीखाली सही करतेस. बॅगा उघडायच्या होत्या, कोण बसतंय लिहीत! न वाचताच सही ठोकली, घरचा पत्ता लिहिला आणि मोकळी झाले.

६ डिसेंबर

आम्ही कवळ्या बनवायला शिकतो. आज प्रत्येकीने स्वतःच्या दातांचा ठसा घेऊन त्यात प्लास्टर ओतलं. माझे पांढरेफटक दात हातात घेऊन बसले तर हसूच आवरेना. पुढच्या दोन दातांमधली फट बघून सर म्हणाले, बुजवून टाकू का. मी साफ नाही म्हटलं.

ही फट बाबांची आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी हसले की आई अजून हातातलं काम थांबवून बघते. बोलताना त्या फटीतून हवा सुटते म्हणून तिने माझं नाव शिट्टी ठेवलं. धाकटी माझ्याहून हुशार, माझ्याहून देखणी, आईची जास्त लाडकीसुद्धा. पण दात तिला आईसारखे सरळ मिळाले. फट फक्त मला मिळाली. तेवढ्या एका गोष्टीवर मी त्या घरात मान वर करून फिरते.

प्लास्टरचे दात खिडकीत ठेवलेत.

११ डिसेंबर

माझ्या आधी इथे राहणाऱ्या मुलीला मी महाराणी असं नाव दिलंय, कारण या घरात दुसरा विषयच नाही. महाराणी असती तर नळ असा गळत राहिला नसता. महाराणी असती तर लांबडीच्या परीक्षेआधी तिला धीर दिला असता. आज मी सगळ्यांना चहा केला. दोघींनी एकेक घोट घेतला आणि एकमेकींकडे बघितलं. तिचा चहा वेगळा असायचा, म्हणाल्या.

माझा स्वभाव जळका आहे, हे आई मी पाच वर्षांची असल्यापासून सांगते. पण न पाहिलेल्या माणसावर जळायची ही पहिलीच वेळ.

१८ डिसेंबर

तिच्यात असं होतं तरी काय म्हणून आज दारामागची यादी वाचली. अक्षर मोत्यांसारखं, तेही आवडलं नाही. एक खाट. एक गादी, मधोमध खोल. एक टेबल. एक आरसा, कोपऱ्यात तडा. एक निळा स्वेटर, खुंटीवर. शेवटची ओळ: मी — केस कमरेपर्यंत, उजव्या भुवईत बारीक खाच, दात सरळ, चहा बिनसाखरेचा, जिना चढताना गुणगुणते.

मावशी मुदतीच्या मध्येही अधूनमधून पडताळणी करतात, आज ती होती. मावशींनी खाट, गादी, टेबल, आरसा, स्वेटर यांच्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या. शेवटच्या ओळीशी थांबल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फुली मारली. खाटेला खूण आणि मला फुली! अंगाची आग झाली. त्या गेल्यावर मुद्दाम तो निळा स्वेटर घातला आणि खाली गेले. लांबडीने पाठीमागून येऊन मिठी मारली आणि महाराणीला हाक मारावी तशी हाक मारली. मी तिची चूक दाखवली नाही. इतकी घट्ट मिठी मला इथे कुणी मारली नव्हती.

२९ डिसेंबर

आईचा फोन. माझी मैत्रीण घरी आली होती म्हणे, इथेच माझ्याआधी राहत होती ती! तिचं कुणी नाही, दोन दिवस राहणार आहे. किती गोड मुलगी, लांब केस, दातांची कशी सरळ ओळ, आल्या आल्या भांडी घासायला घेतली. मी सांगितलं की ती माझी मैत्रीण नाही. आई म्हणाली, पुन्हा जळायला लागलीस?

माझं घर तिला सापडलं कसं? मग आठवलं. पत्ता मीच लिहिला होता, यादीखाली. मावशी म्हणाल्या, मी कॉलेजात असताना ती एकदा येऊन यादी बघून गेली.

१२ जानेवारी

दोन दिवसांचे पंधरा झाले. ती अजून तिथेच आहे. माझ्या खाटेवर झोपते. धाकटी तिला ताई म्हणते. मला ताई म्हणायला तिची जीभ कधी वळली नाही.

इथे मात्र सगळं छान चाललंय. चहा मला बिनसाखरेचाच आवडायला लागला, आणि माझ्या हातचा दोघींना आवडतो. वकीलसाहेब म्हणाल्या, हल्ली तुझ्याशी बोलून बरं वाटतं. आज मावशींनी शेवटच्या ओळीपुढे फुली मारली नाही. पेन नुसतं टेकवून ठेवलं. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, फार आनंद झाला.

केस विंचरताना वेणी पाठीवर पुष्कळ खाली येते. महिन्यात इतके वाढतात?

२५ जानेवारी

सकाळी नळाची कडा भुवईला लागली. उजव्या. खाच पडली.

दुपारी आईला फोन केला. तिला वेळ नव्हता. मागे घरात कुणीतरी बोलत होतं, आणि बोलताना शिट्टी वाजत होती. आई हसून म्हणाली, ऐकलंस, अगदी ह्यांच्यासारखं. तिच्याही दातांत फट आहे, आधी लक्षातच आलं नाही बघ.

आरशासमोर गेले. तड्याच्या बाजूला तोंड धरून बघितलं. मग खिडकीतले प्लास्टरचे दात आणले. बोट लावून मोजले. त्यांच्यात फट आहे. माझ्यात —

जीभ सारखी तिथे जाते आणि घसरते. बाबांचं एवढंच माझ्याकडे होतं.

२६ जानेवारी

वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. त्या हसल्या, मग यादी हातात घेतली आणि हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, सही करणारीने यादीत लिहिलेलं सगळं जसंच्या तसं परत करायचं असतं. सगळं. मी विचारलं, स्वतःचं वर्णन म्हणजे थट्टा ना? त्या म्हणाल्या, कागदावर थट्टा असं कुठे लिहिलेलं नाही.

चिमट्याखाली दुमडलेला भाग उलगडला. जुन्या सह्या. चार वेगवेगळी नावं, चार वेगवेगळ्या गावांचे पत्ते. अक्षर एकच, मोत्यांसारखं. पाचवी सही माझी. तीही —

माझं अक्षर गिचमिड आहे. सर रोज बोलतात. मी या वहीची पहिली पानं आणि आजचं पान शेजारी धरून बघितलं.

म्हणजे महाराणीही महाराणी नव्हती. तीही अशीच कुणीतरी आली असेल, बॅगा उघडायच्या घाईत. मग मी इतके दिवस जळले ती कुणावर?

२ फेब्रुवारी

सकाळच्या बसने घरी गेले. दार आईने उघडलं.

अहो-जाहो केलं मला. कोण हवंय, विचारलं. पाणी दिलं, पाहुण्यांचा पेला काढून. आमची शिट्टी सांगते तुमच्याबद्दल, म्हणाली. वर्ष अर्धवट सोडून घरी आली बरं का आमची मुलगी, करमेना तिला तिथे. आलात बरं केलंत.

ती आतून आली. माझे खांद्यापर्यंतचे केस. माझा झगा. हसली. आईने हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघितलं.

मला वाटलं होतं मी ओरडेन. बाहेर पडले तर धाकटी दारापर्यंत आली आणि म्हणाली, पुन्हा या.

जिना चढताना मी गुणगुणत होते. इथला जिना. कोणतं गाणं, मला माहीत नाही.

८ फेब्रुवारी

पडताळणी. शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण.

लांबडीने मिठी मारली. हीच हवी होती ना मला. घ्या आता.

९ फेब्रुवारी

मावशींना म्हटलं, मला जायचंय, आत्ताच. त्या म्हणाल्या, जा ना, आधीच्याही गेल्याच. फक्त मुदत पुरी करायला कुणी आली पाहिजे. कुठे जाशील, हे त्यांनी विचारलं नाही. आणि मला कळलं, आधीच्या चारजणी कुठे गेल्या. स्वतःच्या घरी कुणीच गेली नाही. तिथे जागाच उरली नसेल. गेल्या त्या पुढचीच्या घरी.

कॉलेजच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. खोली आहे. खिडकीसकट.

नाही, काढून आणते. उद्या काढते.

१३ फेब्रुवारी

काढली नाही.

आली एक. हसरी, घाईतली, दोन बॅगा. तिचे बाबा बॅगा घेऊन वर आले, धापा टाकत. बाबा. टक्कल, चष्मा नाकावर. बॅग ठेवली आणि तिच्या गालाची खळी चिमटीत धरली. ती वैतागली, सोडा हो म्हणाली! सोडा म्हणाली. मला कुणी सहा वर्षांत —

तिला सांगून टाकायला हवं. नवी यादी कर, एवढंच. दोन शब्दांचं काम.

ते खाली गेलेत, गाडीतून तिची उशी आणायला. खालून हाक मारताहेत तिला. किती छान हाक मारतात.

मावशींनी यादी काढली आहे. विचारताहेत, नवी की जुन्याखाली सही. तिने पेन घेतलंय. वाचत नाहीये. माझ्याकडे वळून म्हणते, तू इथे राहिली आहेस, तूच सांग, काय करू. खळी पडली आहे गालावर. मी तिला म्हटलं, अगं —