बिनवासाचं मशीन

९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. देवाच्या दयेने इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या आईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल असं धरून चालते. तुझे सासरे सकाळी फिरायला जातात आणि रोज नवा खोकला घेऊन परत येतात. गच्चीतल्या तुझ्या कुंड्यांना मी पाणी घालते. जास्त घालते म्हणून तुझा नवरा ओरडतो.

आता कामाचं. दुकानात छपाईचं नवं लॅटेक्स मशीन घ्यायचं चाललंय. शाई पाण्यातली, छापलेलं आतच तापून कोरडं होतं, हातात येतं ते गुंडाळायच्या तयारीनेच. आपल्या जुन्या सॉल्व्हेंट शाईच्या मशीनसारखं दिवसभर वाळत टाकायला नको. तुला काय सांगायचं म्हणा, वर्षभर तूच हे आम्हाला सांगत होतीस. बापलेकांनी निर्णय माझ्या गळ्यात टाकलाय. "किल्ल्या तुझ्याकडे, जमाखर्च तुझ्याकडे, मग हो-नाही पण तूच म्हण." म्हणून विचारते. त्या तापण्याला वीज फार लागते का? पातळ कागद आत आखडतो म्हणतात, ते खरं का? रंगांचं जमायला किती दिवस जातील?

हे प्रश्न एजंटला विचारता आले असते. विचारलेही. उत्तरं माझ्याकडे आहेत. तुला लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं, दुसरं काय.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघं त्याच्या शोरूमला गेलो होतो. तिथल्या ऑपरेटर बाईने लहान मुलांच्या खोलीत लावायचं भलंमोठं चित्र छापलं आणि गरम गरम माझ्या हातात दिलं. "मावशी, नाकाला लावून बघा." लावलं. काही नाही. कोऱ्या कागदाला येतो तेवढाच वास. मी ते नाकाशी धरूनच उभी राहिले आणि मग खुर्ची मागितली. तुझे सासरे म्हणाले, "किंमत ऐकून पाय गेले वाटतं हिचे." सगळे हसले. मीही हसले.

किंमत अजून कुणी सांगितलीच नव्हती.

जुन्या मशीनवर काम करून, त्या शाईच्या वासाने तू दुपारी डोकं धरून वर यायचीस, ताट बाजूला सारायचीस. "आई, निदान खिडकी उघडू द्या." आणि मी म्हणायचे, "उघड की. छापलेल्यावर धूळ बसली की तो माल कुणाच्या माथी मारायचा तेवढं सांग." पंखा नको, तो धूळ उडवतो. एकदा उलटी झाली तुला, तर म्हटलं, आम्ही रॉकेलच्या स्टोव्हपुढे जन्म काढला, आम्हाला नाही कधी काही झालं. एवढं बोलून जपाला बसले. तू मोरीत तोंड धूत होतीस आणि माझे मणी सरकत होते.

तू आईंच्या गुडघ्यासाठी गेलीस असं आपण सगळ्यांना सांगतो. चार महिने एक गुडघा दुखत नाही, हे मलाही कळतं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. हे मशीन तुझ्यासाठी घेत नाहीये. दातांच्या डॉक्टरांच्या बसायच्या खोलीत आपण भिंतभर समुद्र लावून दिला होता ना, तो त्यांनी काढायला लावला. पेशंट नाकाला रुमाल लावून बसत होते म्हणे. पाठोपाठ बालवाडीच्या बाईंनी काम परत नेलं. तेव्हा कुठे मी एजंटला फोन लावला. तुझ्या डोक्याने वर्षभरात जे झालं नाही, ते गिऱ्हाइकाच्या नाकाने आठवड्यात झालं.

आणि इकडे तुझे सासरे गल्लीभर सांगत सुटलेत, "हिने सुनेसाठी नवं मशीन घ्यायला काढलंय." रविवारी प्रार्थनेनंतर बायकांनी मला घेरलं. शिंपीणबाई तर डोळे पुसत म्हणाली, "अशी सासू देवाने घरोघरी द्यावी." सूनबाई, मी हात जोडले. नाही म्हटलं नाही. देवासमोर उभी राहून, तुझ्या त्रासाचं पुण्य मी पदरात घेतलं. त्या दिवसापासून जपात लक्ष लागत नाही.

काल आणखी एक झालं. पुढच्या गल्लीतला, दुकानांच्या पाट्या करणारा बोर्डवाला जुनं मशीन बघायला आला. घासाघीस न करता चांगली रक्कम बोलला. नव्याचा निम्मा भार त्यातच हलका झाला असता, आणि मला ओळखतेस तू, मी मनात हिशेब मांडूनही टाकला. म्हटलं, ठेवणार कुठे? "आमची माळ्याखालची खोली आहे ना. लहान आहे, पण खिडकीच नाही, धुळीची कटकट नाही." चालवणार कोण? "भाची आलीय गावाहून. शिकेल."

मी म्हटलं, विकायचं नाही, भंगारात घालायचंय.

तो गेल्यावर घरात भडका. तुझे सासरे म्हणाले, "दोरीचा तुकडा जपून ठेवणारी बाई तू, आणि चालतं मशीन भंगारात देतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?" मग सगळं सांगितलं त्यांना: खिडकीचं, उलटीचं, रविवारी मी गप्प राहिले त्याचं. तुझा नवरा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "आई, हे मला माहीत होतं. मीही कुठे काय बोललो." त्याच्याकडे बघवेना.

आज सकाळी भंगारवाल्याने माझ्यासमोर हातोड्याने मशीन फोडलं. त्याने दिलेल्या पैशात नव्या मशीनच्या शाईची एक बाटलीही येणार नाही. उद्या एजंट येईल, मी सही करणार आहे, कर्ज जास्त काढून. शोरूममधल्या त्या ऑपरेटर बाईची ओळखीची एक जण नोकरी शोधतेय, तिला नव्या मशीनवर ठेवतो आहोत. छपाईच्या खोलीची खिडकी उघडीच असते आता.

तेव्हा मशीन आलं म्हणून तू यायचं नाही. नवऱ्यासाठी यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर तो तुझ्याकडे येऊन राहील. मी अडवणार नाही, हे त्यालाही सांगितलंय. रविवारी त्या बायकांना खरं काय ते सांगेन. शिंपीणबाईला आधी.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. डोकं आता दुखतं का, एवढं मात्र तुझ्या नवऱ्यापाशी सांग.

अपराधी,
तुझ्या नवऱ्याची आई