देवघराच्या दारावरचा रंग

अक्का, देवघराचं दार लागलं. ज्या दाराशी तुम्ही जन्मभर भांडलात, ते काल एका बोटाने मिटलं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी धरणगावात आपल्या घराला अजून साहेबाचा बंगलाच म्हणतात. राणीच्या राज्यात, कापसाच्या जिनातल्या गोऱ्या साहेबासाठी बांधलेला. मामंजींनी तो घेतला तेव्हा तुम्ही आधी गोमूत्र शिंपडलंत आणि मग ऑइलपेंटचा डबा आणवलात. ‘बठ्ठाले साहेबना हात लागेल शे,’ म्हणालात, म्हणजे सगळंच त्याच्या हाताने बाटलेलं. सागवानी दारं, पितळी बिजागऱ्या, कड्या, चिनी मातीच्या मुठी, सगळं एकाच ब्रशखाली. पुढे तो नेमच झाला. दर दिवाळीला पदर खोचून तुम्ही स्वतः रंग द्यायचात. मी नवी सून होते तेव्हा विचारलं, ‘अक्का, कडीला कशाला?’ तर म्हणालात, ‘तुना बापनी दिधी का कडी?’ मग तुम्हीच हसलात आणि दुसरा ब्रश माझ्या हातात दिलात.

देवघराचं दार मात्र कधी बसलंच नाही. अजून डोळ्यांपुढे दिसतं: तुम्ही सोवळ्यात पूजेला बसल्या आहात, मांजर फटीतून नैवेद्याकडे निघालंय, आणि तुम्ही स्तोत्र न मोडता पळी भिरकावताय. पळी दाराला लागते, मांजराला कधीच नाही.

यंदा मुलाने ठरवलं, सगळी दारं-खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्या. धुळ्याचा जुन्या लाकडाचा व्यापारी बघूनही गेला. मी म्हटलं, धडधाकट सागवान देऊन पत्रा घ्यायचा, हा कुठला हिशेब? तर म्हणाला, ‘आई, एक दार तरी नीट लागतं का आपलं? देवघराचं लावून दाखव, सगळी ठेवतो.’ म्हणाला आणि गाडीला किक मारून जळगावला कामावर गेला. मला रात्रभर तेच. या घराची दारं मी रोज पुसलेली, ती ट्रकवर चढताना बघायची होती का?

सुताराला बोलावलं. तो म्हणाला, ‘काकू, दार फुगेल शे. रंधा मारना पडी.’ मी म्हटलं, लाकूड तासायचं नाही, आधी रंग काढून बघते, तू नुसतं उतरवून दे. ‘मंग मी काय करू, दारनी आरती?’ असं बडबडत त्याने उतरवून दिलं.

अंगणात नाकाला पदर बांधून मी खरवडायला बसले. पोपटी निघाला, खाली निळा, त्याच्याखाली तुमचा तो शेंदरी, ज्याला मामंजी मारुतीचं दार म्हणायचे. कडेला तर रंगाचा थर भाकरीएवढा जाड. लाकूड कुठलं फुगलंय, अक्का? फुगल्या होत्या त्या आपल्या दिवाळ्या. आत गुळाच्या ढेपेच्या रंगाचं लाकूड, बोट फिरवावं तिथे गुळगुळीत. बिजागऱ्या आणि कडी पत्र्याच्या डब्यात धुण्याचा सोडा घालून चुलीवर उकळल्या, तर रंग सायीसारखा वर आला. मग चिंच लावून घासलं. साहेबाचा हात लागलेला, हे माझ्याही मनात आलंच. पण ताम्हन चिंचेने शुद्ध होतं, तर त्याच पितळेची कडी का होणार नाही?

काल मुलगा घरी असताना सुताराने शेवटचा स्क्रू पिळला. मी देवाचं नाव घेतलं आणि ढकललं. खट्, एवढाच आवाज. मुलाने उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग ओट्यावर जाऊन त्याने धुळ्याला फोन लावला, ‘भाऊ, नका येऊ. आमची दारं लागतात.’

आज सकाळी आतून कडी घालून जपाला बसले. या घरात बंद दाराआड अशी एकटी मी पहिल्यांदाच. बाहेर सून मुलांना दबक्या आवाजात सांगत होती, ‘आजीचा जप चाललाय, ओरडू नका.’ तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे पत्र धाडलं असतं तर तुम्ही कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं आणि गल्लीभर झालं असतं. म्हणून ते कुठेच जायचं नाही, आणि म्हणूनच लिहिते. अक्का, मी जप नाही केला. देवासमोर, भिंतीला टेकून, मस्त झोपले.